न्यूट्रिनो केंद्रकावर आदळतो तेव्हा: ऊर्जेचा हिशेब नेमका कुठे अडतो?

अर्धवर्तुळ

अमेरिकेत साउथ डकोटातल्या लीड गावाखाली, जवळपास दीड किलोमीटर खोल, ड्यून प्रयोगाच्या गुहांचं खोदकाम २०२४ साली पुरं झालं. तिथून १३०० किलोमीटरवर, शिकागोजवळच्या फर्मिलॅबमधून न्यूट्रिनोंचा, म्हणजे विद्युतभार नसलेल्या आणि क्वचितच कशाला धडकणाऱ्या कणांचा, झोत सुटणार आणि हजारो टन द्रवरूप आर्गॉनमध्ये त्यातले मोजके आदळणार. गुहा, शीतटाक्या, झोताची ताकद यांवर भरपूर लिहिलं जातं. आदळल्यावर आर्गॉनच्या केंद्रकात काय घडतं यावर फारसं कुणी लिहीत नाही. माझं रोजचं काम याच गणिताशी आहे, म्हणून हा धागा.

सगळं येऊन अडतं ते ऊर्जेपाशी. न्यूट्रिनो वाटेत आपला प्रकार बदलतो, आणि किती बदलेल हे अंतर भागिले ऊर्जा यावर ठरतं. अंतर पक्कं ठाऊक असतं. ऊर्जा प्रत्येक न्यूट्रिनोची वेगळी. इलेक्ट्रॉनचा झोत हव्या त्या ऊर्जेला सोडता येतो, न्यूट्रिनोच्या बाबतीत ती सोय नाही. झोतात कमीजास्त ऊर्जेची सरमिसळच येते. मग टकरीतून जे बाहेर पडलं त्यावरून उलटा हिशेब करायचा, आणि तो हिशेब केंद्रकाच्या मॉडेलशिवाय होत नाही.

जपानचा टी-टू-के प्रयोग घ्या. तोकाईहून निघालेले म्यूऑन-न्यूट्रिनो २९५ किलोमीटरवरच्या सुपर-कामिओकांडेच्या पाण्यात आदळतात. सगळ्यात साधी टक्कर अशी: न्यूट्रिनो ऑक्सिजनच्या केंद्रकातल्या एका न्यूट्रॉनवर आदळतो, न्यूट्रॉनचा प्रोटॉन होतो, न्यूट्रिनोचा म्यूऑन, म्हणजे इलेक्ट्रॉनचा जड भाऊ. हिला क्वासी-इलॅस्टिक म्हणतात. म्यूऑनचा संवेग आणि कोन मोजला, न्यूट्रॉन स्थिर होता असं धरलं, की ऊर्जा एका ओळीच्या सूत्रातून मिळते. समजा म्यूऑनचा संवेग ५०० एमईव्ही आणि कोन ३० अंश (एमईव्ही हे कणांची ऊर्जा मोजायचं एकक; हजार एमईव्ही म्हणजे एक जीईव्ही). बंधनऊर्जा बाजूला ठेवली तर उत्तर येतं सुमारे ५५० एमईव्ही.

आता तोच म्यूऑन, तोच कोन, पण आत घडलं वेगळं. न्यूट्रॉनचा प्रोटॉन न होता १२३२ एमईव्ही वस्तुमानाचा डेल्टा हा अल्पायुषी कण तयार झाला. त्यातून पायॉन नावाचा हलका कण सुटला आणि केंद्रकाबाहेर पडायच्या आतच दोन न्यूक्लिऑननी (न्यूक्लिऑन म्हणजे प्रोटॉन किंवा न्यूट्रॉन) तो गिळला. पाण्यात दिसलं काय? फक्त एक म्यूऑन. या वेळी न्यूट्रिनोची खरी ऊर्जा मात्र होती सुमारे ९२० एमईव्ही. सूत्र शांतपणे ५५० सांगतं. आणि २९५ किलोमीटरवर म्यूऑन-न्यूट्रिनो सगळ्यात जास्त नाहीसे होतात ते नेमके ६०० एमईव्हीच्या आसपास. म्हणजे आलेखात जिथे खड्डा दिसायला हवा, तिथेच या चुकीच्या ऊर्जेच्या घटना येऊन पडतात. खड्ड्याची खोली बदलली की ऑसिलेशनचा, म्हणजे न्यूट्रिनोच्या प्रकारबदलाचा, कोन बदलला. केंद्रकाचं मॉडेल बरोबर नसेल तर न्यूट्रिनोचे गुणधर्म चुकीचे छापले जातील, इतकं हे सरळ आहे.

आता मिनीबून. माझ्या मते या क्षेत्रातली ही सगळ्यात बोधप्रद घटना आहे. फर्मिलॅबमध्ये १२ मीटर व्यासाची गोल टाकी, आत ८०० टन मिनरल ऑइल, म्हणजे कार्बन आणि हायड्रोजन. हिशेबाला मॉडेल होतं स्मिथ आणि मोनिझ यांचं, १९७२ सालचं: केंद्रक म्हणजे २२० एमईव्हीच्या आसपासच्या फर्मी संवेगापर्यंत भरलेला न्यूक्लिऑनचा वायू, प्रत्येक जण स्वतंत्र. त्यात एकच मोठा अनिश्चित आकडा, अ‍ॅक्सियल वस्तुमान. न्यूक्लिऑनवरचा दुर्बल बलाचा 'भार' किती जागेत पसरला आहे, ते हा आकडा सांगतो. ड्युटेरियम भरलेल्या जुन्या बबल चेंबरमधून तो १.०३ जीईव्हीच्या आसपास आला होता. मिनीबूनने २०१० मध्ये छापला १.३५. क्रॉस-सेक्शन, म्हणजे टक्कर होण्याची शक्यता, अपेक्षेपेक्षा सुमारे ३० टक्क्यांनी जास्त. दरम्यान सर्नच्या नोमॅड प्रयोगाने मुख्यतः कार्बनवरच, पण जास्त ऊर्जेला, १.०५ दिला होता. न्यूक्लिऑनचा गुणधर्म प्रयोगागणिक बदलेल कसा?

उत्तर लियॉनच्या गटाने २००९ मध्ये मांडलं: मार्तिनी, मागदा एरिकसन, शांफ्रे आणि मार्तो. केंद्रकातले न्यूक्लिऑन एकेकटे नसतात. न्यूट्रिनो कधी कधी एकमेकांत गुंतलेल्या जोडीवर आदळतो आणि दोघांनाही बाहेर काढतो. मिनीबूनच्या तेलात ते मंद प्रोटॉन वेगळे ओळखू येत नाहीत, त्यामुळे अशी घटनाही 'क्वासी-इलॅस्टिक' म्हणून मोजली जाते. या जास्तीच्या घटना हिशेबात धरल्या की अ‍ॅक्सियल वस्तुमान वाढवावं लागत नाही. २०११ मध्ये व्हॅलेन्सियाच्या निएव्हेस आणि सहकाऱ्यांनी वेगळ्या वाटेने हिशेब करून तोच कल दाखवला. आज याला सगळे टू-पी-टू-एच म्हणतात: दोन कण बाहेर, मागे दोन पोकळ्या.

मला यातून जे ठामपणे वाटतं ते लिहितो. १.३५ हा आकडा वापरून मिनीबूनची आकडेवारी छान जुळत होती. जुळणं आणि समजणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ज्या आकड्यात आपण अज्ञान भरून ठेवतो तो एका लक्ष्यावर, एका झोतात चालतो आणि दुसरीकडे नेला की फसवतो. ड्यूनसाठी आपल्याला कार्बनवरून आर्गॉनवर जायचंय.

प्रश्न विचारा. सूत्रं शक्य तितकी टाळीन.

मोगरा

लेख दोनदा वाचला, बराचसा पोचला. एक बाळबोध शंका. न्यूट्रिनो पृथ्वीतून आरपार जातात, कशालाच धडकत नाहीत असं आम्ही शाळेत मुलांना सांगतो. मग टकरीचा एवढा बारीक हिशेब कशासाठी?

अर्धवर्तुळ

मोगराताई, शंका अगदी मूळची आहे. बेथे आणि पायर्ल्स यांनी १९३४ मध्ये पहिला अंदाज काढला तेव्हा क्रॉस-सेक्शन १०^-४४ चौरस सेंटिमीटरपेक्षाही कमी आलं आणि हा कण दिसणं व्यवहारात अशक्य, असा त्यांनी निष्कर्ष काढला. पण ते किरणोत्सारातल्या कमी ऊर्जेसाठी. ऊर्जा वाढली की टकरीची शक्यता वाढते. एक जीईव्हीच्या आसपास ती न्यूक्लिऑनमागे १०^-३८ पर्यंत येते. तरीही अतिशय लहान, पण झोत प्रचंड आणि टाकी मोठी असली की घटना मिळतात. फर्मिलॅबमधला एसबीएनडी हा शोधक झोताच्या उगमापासून ११० मीटरवर आहे, तिथे दिवसाला सुमारे सात हजार न्यूट्रिनो आदळतात.

न्यूट्रिनोबद्दल आपल्याला जे काही कळतं ते या थोड्या आदळणाऱ्यांकडूनच. जे आरपार गेले ते काहीच सांगत नाहीत.

सातपुडा

एम.एस्सी. करतोय, त्यामुळे थोडं खोलात विचारतो. या प्रयोगांना उगमाजवळ एक शोधक असतोच की. टी-टू-केचा २८० मीटरवर आहे. जवळच्या आणि लांबच्या मोजणीचं गुणोत्तर काढलं की क्रॉस-सेक्शन वर-खाली कटून जाईल. मग मॉडेल चुकलं तरी बिघडलं कुठे?

अर्धवर्तुळ

गुणोत्तर काढतातच, आणि त्याने बरीचशी अनिश्चितता जाते. सगळी जात नाही. आपण जे मोजतो ते झोत गुणिले क्रॉस-सेक्शन गुणिले ऊर्जेचं चुकलेलं वाचन, आणि या सगळ्याची ऊर्जेवरची बेरीज. बेरजेच्या आतलं कटत नाही. जवळ झोताचा मूळ आकार असतो, लांब गेल्यावर ऑसिलेशनने त्यातला मधला भाग खाल्लेला असतो. वरच्या उदाहरणातल्या ९२०ला ५५० समजलेल्या घटना जवळच्या शोधकात खऱ्या ५५०वाल्यांच्या गर्दीत मिसळून जातात. लांबच्या शोधकात तीच गर्दी नाहीशी झालेली असते, म्हणून त्या उठून दिसतात. चूक तीच, परिणाम वेगळा.

शिवाय जवळ मोजतो मुख्यतः म्यूऑन-न्यूट्रिनो, आणि लांब शोधतो इलेक्ट्रॉन-न्यूट्रिनो. त्या दोघांच्या क्रॉस-सेक्शनमधला फरक सिद्धांतानेच द्यावा लागतो.

आणि सगळ्यात नाजूक जागा म्हणजे न्यूट्रिनो आणि प्रतिन्यूट्रिनो. विश्वात द्रव्य उरलं आणि प्रतिद्रव्य नाहीसं झालं, याचा धागा शोधायला या दोघांच्या वागण्यातला फरक मोजायचाय. पण दोघांची टक्कर मुळातच वेगळी असते: व्हेक्टर आणि अ‍ॅक्सियल या दुर्बल बलाच्या दोन भागांच्या व्यतिकरणाची पदं न्यूट्रिनोत अधिक चिन्हाने येतात, प्रतिन्यूट्रिनोत वजा. जोडीवरच्या टकरींचा वाटाही दोन्हींत सारखा नाही. हा साधा केंद्रकीय फरक नीट वजा केला नाही, तर तोच आपण विश्वाचं रहस्य म्हणून छापून बसू.

सातपुडा

हे डोक्यात नव्हतं. वाचनखूण साठवली.

कोकणकडा

मला भौतिकशास्त्रातलं ओ की ठो कळत नाही, पण कॅरम खेळतो. न्यूट्रिनो म्हणजे स्ट्रायकर. एकटी सोंगटी असेल तर स्ट्रायकरच्या कोनावरून जोर सांगता येतो. दोन चिकटलेल्या सोंगट्यांना लागला तर दोन्ही उडतात आणि जोराचा अंदाज चुकतो. बरोबर?

अर्धवर्तुळ

अगदी बरोबर. भर इतकीच घाला की सोंगट्या आधीपासून हलत असतात, आणि उडालेली सोंगटी बोर्डाबाहेर पडेपर्यंत आणखी चारांना लागू शकते. या शेवटच्या भागाला अंतिम अवस्थेतल्या आंतरक्रिया म्हणतात, आणि आमचा सगळ्यात जास्त वेळ तिथेच जातो.

जनरेटर म्हणतात त्या प्रोग्रॅममध्ये हे कसं चालतं ते सांगतो. जीनी, नीट, पोलंडमधल्या व्रोत्सवाफचा नूव्रो, जर्मनीतल्या गीसनचा गीबू, असे चार मुख्य आहेत. झोतातून एक ऊर्जा उचलायची. केंद्रकातून एक न्यूक्लिऑन उचलायचा, त्याला वितरणातून संवेग द्यायचा, बंधनऊर्जा वजा करायची. टक्कर झाली. आता बाहेर निघालेला प्रोटॉन किंवा पायॉन फर्मीच्या (एक फर्मी म्हणजे १०^-१५ मीटर) लहानशा अंशाएवढं एक पाऊल पुढे सरकवायचा. त्या जागी घनता किती, त्यावरून तो कुणाला धडकेल का, याचा फासा टाकायचा. धडकला तर नवे संवेग काढायचे, पण पाउलीच्या नियमाने ती अवस्था आधीच भरलेली असेल तर धडक रद्द. पुन्हा एक पाऊल. केंद्रकाची कड येईपर्यंत हेच. गीबू थोडा वेगळा, तो कणांच्या वितरणाचं वाहतूक-समीकरणच सोडवतो.

या पद्धतीतली मोठी अडचण सांगायलाच हवी. पहिली टक्कर क्वांटम गणिताने करायची आणि पुढचा प्रवास चेंडूसारखा. मधली शिवण कुठे घालायची हे निसर्गाने ठरवून दिलेलं नाही. कमी ऊर्जेच्या प्रोटॉनला तर 'पाऊल' ही कल्पनाच ताणून लावावी लागते.

बंगारपेट

माझं बालपण कोलारच्या खाणवस्तीत गेलं. तिथे चँपियन रीफ खाणीत दोन किलोमीटरहून खोल टीआयएफआरचा प्रयोग चालायचा, हे घरात नेहमी कानावर यायचं. त्याचा या विषयाशी संबंध आहे का?

अर्धवर्तुळ

थेट आहे, आणि तुम्ही तो काढलात याचा फार आनंद झाला. १९६५ साली मुंबईची टाटा मूलभूत संशोधन संस्था, ब्रिटनचं डरहॅम आणि जपानचं ओसाका सिटी विद्यापीठ यांच्या गटाला कोलारच्या खाणीत २.३ किलोमीटर खोलीवर वातावरणीय न्यूट्रिनोंच्या खुणा मिळाल्या. मेनन, श्रीकांतन, नरसिंहम हे टीआयएफआरचे लोक त्यात होते. त्याच सुमाराला दक्षिण आफ्रिकेतल्या सोन्याच्या खाणीत राइन्स यांच्या गटालाही त्या दिसल्या. दोघांची नावं एकत्रच घेतात.

तिथली कल्पना पाहा. न्यूट्रिनो शोधकात आदळायची वाट बघायची नाही. भोवतालच्या खडकातल्या केंद्रकावर आदळून निघालेला म्यूऑन आडवा येऊन शोधकातून जातो, तो टिपायचा. वरून येणारे वैश्विक किरणांचे म्यूऑन एवढ्या खोलीवर जवळजवळ संपलेले, आणि उरलेले उभे येतात. आडवा आला तर तो न्यूट्रिनोचा. पण अशा किती घटना याव्यात हे सांगायला खडकातलं क्रॉस-सेक्शन लागतं, आणि जास्त ऊर्जेला ते कसं वाढत जातं हे तेव्हा कुणालाच पक्कं ठाऊक नव्हतं. म्हणजे साठ वर्षांपूर्वी कोलारमध्येही हाच प्रश्न समोर होता.

बंगारपेट

हे बाबांना वाचून दाखवते. मनापासून धन्यवाद.

घनगर्द

उत्तम धागा. मी केंद्रकीय भौतिकीतला, न्यूट्रिनोवाला नाही. आमच्याकडे इलेक्ट्रॉन स्कॅटरिंगची कितीतरी दशकांची आकडेवारी पडून आहे. क्वासी-इलॅस्टिक शिखर आणि डेल्टाचं शिखर यांच्या मधल्या दरीत न्यूक्लिऑनच्या जोड्यांचा वाटा लागतो, हे आम्हाला ऐंशीच्या दशकापासून माहीत आहे. न्यूट्रिनोवाल्यांनी ते वेळेवर वाचलं नाही, असं माझं स्पष्ट मत आहे. अमेरिकेतल्या जेफरसन लॅबने २००८ मध्ये दाखवलं की कार्बनमधले साधारण २० टक्के न्यूक्लिऑन कोणत्याही क्षणी लघुपल्ल्याच्या जोडीत असतात, आणि त्या जोड्या बहुतेक प्रोटॉन-न्यूट्रॉनच्याच. हे सगळं असताना २०१० पर्यंत फर्मी वायू वापरत राहणं समर्थनीय नव्हतं.

अर्धवर्तुळ

घनगर्द, मताशी बऱ्याच अंशी सहमत. दोन समाज वेगळ्या परिषदांना जात होते, त्याची किंमत मोजली गेली. पण एक पुरवणी. इलेक्ट्रॉन विद्युतचुंबकीय बलाने आदळतो, त्यामुळे तो फक्त व्हेक्टर भाग दाखवतो. अ‍ॅक्सियल भाग त्याला दिसतच नाही, आणि न्यूट्रिनोच्या टकरीत तो मोठा वाटेकरी आहे. शून्य संवेग-बदलाला त्याची किंमत न्यूट्रॉनच्या बीटा-क्षयातून १.२७ अशी पक्की मिळते, पुढचा उतार मात्र न्यूट्रिनोकडूनच किंवा लॅटिस क्यूसीडीकडून (क्वार्कांचं गणित संगणकावर सोडवायची पद्धत) यायला हवा.

इथे अलीकडे दोन फार चांगल्या गोष्टी झाल्या. मिनर्व्हा प्रयोगाने २०२३ मध्ये प्लॅस्टिकमधल्या हायड्रोजनवर आदळलेले प्रतिन्यूट्रिनो वेगळे काढून पाच हजारांहून अधिक घटनांतून अ‍ॅक्सियल फॉर्म फॅक्टर, म्हणजे तोच उतार, मोजला. हायड्रोजन म्हणजे सुटा प्रोटॉन, केंद्रकाची भानगडच नाही. दुसरीकडे लॅटिसचे निकाल सांगताहेत की जास्त संवेग-बदलाला हा फॅक्टर ड्युटेरियमच्या जुन्या आकड्यापेक्षा लक्षणीय जास्त आहे. म्हणजे मिनीबूनच्या त्या ३० टक्क्यांतला काही भाग जोड्यांचा आणि काही भाग खुद्द न्यूक्लिऑनचाच असू शकतो. वाटणी अजून झालेली नाही. सध्या मला सगळ्यात जास्त ओढ याच प्रश्नाची आहे.

इलेक्ट्रॉनचा आणखी एक उपयोग २०२१ मध्ये झाला. जेफरसन लॅबच्या जुन्या आकडेवारीत झोताची ऊर्जा आधीच माहीत होती. ती माहीत नाही असं धरून न्यूट्रिनोवाल्यांच्या पद्धतीने ती परत काढली. बऱ्याच घटनांमध्ये उत्तर खऱ्या ऊर्जेपासून दूर पडलं, आणि जनरेटरना ती चूकही नीट सांगता आली नाही. केंद्रक जड होत गेलं तशी परिस्थिती बिघडत गेली.

मोगरा

केंद्रक फुटतच नाही अशी टक्कर असते का? की नेहमी मोडतोडच?

अर्धवर्तुळ

असते. ऊर्जा काही दशक एमईव्हीपर्यंतच असेल तर न्यूट्रिनोला आतले न्यूक्लिऑन सुटे दिसत नाहीत, सबंध केंद्रक एकसंध हलतं. डॅनियल फ्रीडमन यांनी १९७४ मध्ये हे मांडलं. शक्यता साधारण न्यूट्रॉनसंख्येच्या वर्गाने वाढते, कारण प्रोटॉनचा दुर्बल भार जवळजवळ शून्य आहे. सीझियममध्ये ७८ न्यूट्रॉन, आयोडीनमध्ये ७४, म्हणजे वाढ केवढी ते पाहा. अडचण अशी की केंद्रकाला बसणारा धक्का काही केईव्हीचा, तो टिपायला ४३ वर्षं लागली. अमेरिकेत ओक रिजला कोहेरंट गटाने २०१७ मध्ये १४.६ किलोच्या सीझियम आयोडाइडच्या स्फटिकात तो पाहिला. हजारो टनांच्या टाक्यांच्या विषयात हातात उचलता येईल असा शोधक! सिद्धांताच्या दृष्टीने ही टक्कर स्वच्छ आहे. फुटणाऱ्या ताऱ्याच्या गाभ्यात न्यूट्रिनो काही काळ अडकून पडतात, त्यालाही हीच टक्कर मुख्यतः कारण.

सातपुडा

पीएच.डी. या विषयात करावी असं वाटायला लागलंय. भारतात यावर सिद्धांताचं काम होतं का?

अर्धवर्तुळ

होतं, आणि चांगलं होतं. अलीगढ मुस्लिम विद्यापीठात एस. के. सिंग आणि सज्जाद अतहर यांचा गट कितीतरी वर्षं नेमक्या याच विषयावर आहे. सिंग आणि व्हॅलेन्सियाचे ओसेट यांचा क्वासी-इलॅस्टिकवरचा लेख १९९२चा, म्हणजे मिनीबूनच्या कितीतरी आधीचा. पायॉन तयार होण्याचं जे रायन-सहगल मॉडेल १९८१ पासून जनरेटरमध्ये सुधारित रूपात चालू आहे, त्यातले सहगल म्हणजे जर्मनीत आखेनला काम केलेले ललित सहगल. प्रयोगाच्या बाजूला नोव्हा आणि ड्यूनमध्ये भारतीय विद्यापीठं आहेतच.

तयारी म्हणून कणभौतिकीइतकंच लक्ष केंद्रकीय भौतिकीकडे द्या. शेल मॉडेल, स्पेक्ट्रल फंक्शन (केंद्रकातल्या न्यूक्लिऑनच्या संवेगाचं आणि ऊर्जेचं वितरण), आरपीए हे हातचं हवं. मुलं क्वांटम फील्ड थिअरी करून येतात आणि केंद्रकापाशी अडतात, हे मी नेहमी बघतो. जीनी आणि नूव्रो मोफत उतरवता येतात. आजच लावा, कार्बनवर एक जीईव्हीचे न्यूट्रिनो सोडा, आणि वर उल्लेखलेलं क्वासी-इलॅस्टिकचं सूत्र लावून ऊर्जेचा आलेख काढा. शिखराच्या डावीकडे जी शेपटी दिसेल तिच्यात कोणत्या घटना आहेत ते एकेक उघडून बघा.

घनगर्द

आर्गॉनचं काय करताय? आर्गॉन-४० मध्ये १८ प्रोटॉन आणि २२ न्यूट्रॉन. इलेक्ट्रॉनने प्रोटॉन बाहेर काढून प्रोटॉनचं वितरण कळेल. न्यूट्रिनो तर न्यूट्रॉनवर आदळणार. न्यूट्रॉनचं वितरण कुठून आणणार?

अर्धवर्तुळ

टायटॅनियमकडून. टायटॅनियमच्या केंद्रकात २२ प्रोटॉन असतात. आर्गॉनमधल्या २२ न्यूट्रॉनची मांडणी साधारण तशीच असावी, या आधारावर जेफरसन लॅबमध्ये २०१७ साली आर्गॉन आणि टायटॅनियम या दोन्हींवर इलेक्ट्रॉन सोडून प्रोटॉन बाहेर काढले. त्यातून दोन्हींची स्पेक्ट्रल फंक्शन काढली आहेत. प्रोटॉनमधल्या विद्युत-अपकर्षणामुळे पातळ्या थोड्या सरकतात, ती दुरुस्ती करावी लागते. तुमच्यासारख्या शेल मॉडेलवाल्यांनी ती दुरुस्ती तपासून पाहिली तर आम्हाला खरंच हवी आहे. व्यनि करतो.